आमची वाटचाल: सुरुवात एका गुणाकाराने

आमचं पहिलं मॉडेल म्हणजे एक एक्सेल शीट होती. घातक कचरा सिमेंटमध्ये बांधून त्याचे ठोकळे करतात. त्या ठोकळ्यांतून शिसं, क्रोमियम किती पाझरेल हे आधीच सांगायचं, हा आमचा धंदा. विसरणाने, म्हणजे दाट जागेतून विरळ जागेकडे आपोआप पसरत, बाहेर पडणारा पदार्थ काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे काळ चौपट झाला तर पाझर दुप्पट. ठोकळा पाण्याच्या टाकीत ठेवून पाझर मोजायची चाचणी 63 दिवसांची. 100 वर्षं म्हणजे त्याच्या सुमारे 580 पट, म्हणून पाझर 24 पट. ग्राहकाला एक आकडा हवा असायचा, आम्ही 24 ने गुणून तो द्यायचो. बिलंही वेळेवर निघायची!

मग एका कामात टाकीचं झाकण नीट बसवायचं राहिलं. चूक आमचीच. ठोकळ्यावर पांढुरका थर धरला आणि पाण्याचा पीएच 12 वरून 9 च्या आसपास उतरला. शिशाचा आकडा कोसळला, आम्ही खूश. क्रोमियमचा मात्र चढला. ठोकळा एकच, टाकी एकच, आणि आकडे दोन दिशांना. वर्गमुळाकडे याचं उत्तर नव्हतं.

उत्तर रसायनात होतं. शिसं आम्लात विरघळतं, तसंच तीव्र अल्कधर्मी पाण्यातही. सगळ्यात कमी विरघळतं ते अधेमधे. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पीएच उतरवला, तसं ते बसलं. क्रोमेटचं, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रूपातल्या क्रोमियमचं, उलटं. ते एट्रिंजाइट या सिमेंटमधल्या खनिजाच्या स्फटिकात सल्फेटची जागा धरून असतं, आणि कार्बोनेशनने, म्हणजे त्याच कार्बन डायऑक्साइडच्या क्रियेने, एट्रिंजाइट मोडलं की मोकळं होतं.

मग आम्ही यूएसजीएस या अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचं फ्रीकसी (PHREEQC) हे पाण्यातल्या रसायनाचं गणित करणारं सॉफ्टवेअर घेतलं. ते फुकट आहे. त्याला पुरवायची माहिती फुकट नाही, तिच्यात आमची वर्षं गेली. ठोकळ्याचे पातळ थर कल्पायचे, प्रत्येक थरात आधी रासायनिक समतोल काढायचा, मग शेजारच्या थराशी विसरण. सोडियम-पोटॅशियमचे हायड्रॉक्साइड आधी धुऊन जातात. त्यानंतर कॅल्शियम हायड्रॉक्साइड पीएच 12.5 ला बराच काळ धरून ठेवतं. पण कुठली खनिजं यादीत घ्यायची हे संगणक सांगत नाही. एक खनिज विसरलं तरी आलेख गुळगुळीतच येतो, आणि चुकीचा असतो. म्हणून तोच माल भुकटी करून वेगवेगळ्या पीएचच्या पाण्यात तपासतो, आणि मगच यादी ठरवतो.

आता ग्राहकाला आमचा पहिला प्रश्न असतो, ठोकळा राहणार कुठे? कायम पाण्यात, की कधी ओला, कधी कोरडा आणि हवेला उघडा? काहींना हा प्रश्न म्हणजे टाळाटाळ वाटते. असे दोघे-तिघे काम घेऊन दुसरीकडे गेले.

हल्ली प्रत्येक कामाला दोन टाक्या लावतो, एक झाकलेली, एक मुद्दाम उघडी. मॉडेलचे आकडे आधी लिहून सही करायची, मगच पाणी तपासणीला न्यायचं. शिशाचं बऱ्यापैकी जमतं. क्रोमियमवर अजून हात बसलेला नाही.