डाव्या हाताची सवय

शनिवार, रात्र

आज सकाळी मैदानात मोटरसायकल शिकताना कुत्रं आडवं आलं. वेग जेमतेम पंधराचा. मी नेहमीसारखा डावा हात आवळला आणि गाडी थांबायच्या ऐवजी सुटल्यासारखी पुढे गेली. कुत्रं बाजूला पळालं, मी दोन्ही पाय घासत कशीबशी थांबले. शिकवणारे काका लांबून ओरडले, "ताई, तो ब्रेक नाही, क्लच आहे!"

मला माहीत नव्हतं असं नाही. पहिल्याच दिवशी पाठ केलं होतं. पण सोळा वर्षं अ‍ॅक्टिव्हा चालवलेल्या हाताला ते अजून माहीत नाही. अ‍ॅक्टिव्हाचे दोन्ही ब्रेक हातात. मोटरसायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हातात, मागचा उजव्या पायाखाली, आणि डाव्या हातात क्लच. तो ओढला की इंजिन चाकापासून सुटतं, म्हणजे इंजिनाचा जो काही अटकाव असतो तोही जातो. घाबरल्यावर हात आधी चालतो. कर्वे रोडवर कुत्र्याच्या जागी शाळेला निघालेलं पोर असतं तर? दिवसभर हेच डोक्यात आहे.

क्लास शोधताना एकाने "चार दिवस पुरे, लायसन्स काढून देतो" म्हटलं होतं. माझं लायसन्स बिनगिअरचं. गिअरच्या गाडीसाठी नवं लर्निंग काढून, तीस दिवस थांबून पुन्हा टेस्ट द्यायची. ते होईलच, पण मला कागद नको होता, गाडी यायला हवी होती. दुसरीकडे बायकांना फक्त स्कूटर शिकवत होते. काकांनी मात्र फोनवरच विचारलं, "आत्ता काय चालवता?" त्या प्रश्नासाठीच मी त्यांच्याकडे गेले. तो का विचारला, ते आज कळलं.

पहिले दोन दिवस त्यांनी रेस देऊच दिली नाही. नुसता हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धवट सोडून धरायचा. तो पकडतो कुठे, ते बोटांना कळेपर्यंत गाडी माणसाच्या चालीने पुढे न्यायची आणि थांबवायची. कंटाळा आला होता, पण तिसऱ्या दिवशी एकदाही बंद न पडता आठचा आकडा पूर्ण झाला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. मग ब्रेक. दोन्ही एकत्र, पुढचा हळूहळू वाढवत. ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून खरं थांबवतो तोच. पण वाळूवर किंवा वळणात एकदम आवळला तर पाडतोही तोच.

दादा म्हणतो, घ्यायचीच तर क्लासिक ३५० घे. मलाही ती फार आवडते, तिच्यावरून ताम्हिणीला जायचं मी कितीदा मनात आणलंय. पण ती १९५ किलोची. शोरूमबाहेरच्या उतारावर तिला मागे ढकलून पाहिलं, हलली नाही. पार्किंगमधून जी गाडी मला एकटीला काढता येत नाही, ती माझी पहिली गाडी नाही. शाईन १२५ त्याहून ऐंशी किलोने हलकी, माझे दोन्ही पाय टेकतात. मन अडतं ते एबीएसपाशी, म्हणजे ब्रेक जोरात आवळला तरी चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेपाशी. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना तो २०१९ पासून सक्तीचा आहे. शाईनला कॉम्बी ब्रेक, पायाने दाबला की पुढचाही थोडा लागतो. चाक लॉक होणं त्याने टळत नाही. माझ्यासारखी घाबरून ब्रेक आवळणारी बाई असेल तर एबीएस हवाच, असं आज पहिल्यांदा ठामपणे वाटलं. म्हणजे दीडशे सीसीच्या आसपासची, सेकंडहँड, २०१९ नंतरची. वजन वाढेल, पण दीडशे किलोपर्यंत मी ढकलू शकते, काकांची गाडी तेवढीच आहे.

हेल्मेटचा प्रश्न नव्हताच. या शहरात हेल्मेटसक्तीला इतकी वर्षं विरोध झाला, मला तो कधीच पटला नाही.

निघताना काकांना विचारलं, हात कधी सुधारणार? म्हणाले, "सकाळी इथे तासभर शिकता आणि दिवसभर अ‍ॅक्टिव्हावर विसरता."

अ‍ॅक्टिव्हाची किल्ली आईकडे दिली. सोमवारपासून महिनाभर वनाज ते कल्याणीनगर मेट्रो.

उद्या सहा वाजता, चढावर थांबलेली गाडी पुढे काढायची.