अठ्ठावन्न सगळ्यांनाच

नोव्हेंबर आला की आमच्याकडे म्हाताऱ्यांची जत्रा भरते. इंदूरला परदेशीपुऱ्यात माझं ऑनलाइन कामांचं छोटं दुकान आहे, जीवन प्रमाण म्हणजे पेन्शनवाल्यांचा दर वर्षीचा हयातीचा दाखला, पीएफचे फॉर्म, लाइट बिल, सगळंच करतो. मागच्या नोव्हेंबरात एक दिवस पहिलेच आले ते आमचे नेहमीचे काका, वय 80, एका कारखान्यात अकाउंट्सला होते, 2003 ला रिटायर झाले तेव्हापासून ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफवाल्या नोकरदारांची पेन्शन घेतायत, 1286 रुपये, रक्कम तेव्हा होती तीच आज, यात डीए-बिए, महागाई भत्ता काही नसतं. अजून सायकलवर येतात. अंगठा लागला, "चला, अजून एक वर्ष जिवंत" हा त्यांचा ठरलेला जोक झाला.

मागे एक वहिनी उभ्या होत्या. "भाऊ, मिस्टर गेले हो."

त्यांच्या मिस्टरांना मी ओळखायचो. सांवेर रोडला ढलाईच्या कारखान्यात भट्टीवर होते, आदल्या वर्षी त्यांचा अंगठा काही केल्या लागेना, बोटांच्या रेषाच राहिल्या नव्हत्या, शेवटी मोबाइलवर चेहरा स्कॅन करून काम उरकलं, तेव्हाही एवढ्याशा पायऱ्या चढून धाप लागलेली. अठ्ठावन्नला 2840 पेन्शन सुरू झाली आणि 27 महिन्यांत माणूस गेला.

मी सांगितलं, तुम्हाला निम्मी मिळेल, 1420. तर म्हणाल्या, "आणि बाकीचं? चोवीस वर्षं भरलं ना त्यांनी?" आता पेन्शनचे पैसे मालकाच्या पीएफच्या हिश्श्यातून जातात, पगाराच्या 8.33 टक्के, हे सांगून काय उपयोग. पूर्वी पेन्शन थोडी कमी घेऊन मागच्यांना भांडवल परत मिळायचा पर्याय होता, तोही 2008 ला बंद झाला. म्हटलं, बाकीचं फंडात राहतं.

काका गेलेच नव्हते. अकाउंटंट माणूस, लाइट बिलाच्या मागे आकडे मांडत बसले. 1286 गुणिले 264 महिने, तीन लाख एकोणचाळीस हजार. 2840 गुणिले 27, शहात्तर हजार. मग हळूच मला म्हणाले, "म्हणजे याचं उरलेलं मी खाल्लं की काय रे?"

तसं नसतं काका, म्हणालो मी. पण खरं तर असतं तसंच. फंड एक, पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले 70 हा फॉर्म्युला एक, अठ्ठावन्न वय एक, खुर्चीवरच्यालाही आणि भट्टीवरच्यालाही. सरकारी पेन्शनचं खातं वेगळं, तिथे केंद्रवाल्यांना 80 नंतर 20 टक्के जास्त मिळतात, 90 ला 40, शंभरीला डबल. औषधं महाग आहेत, मिळू देत की, पण भट्टीवरचे तिथवर पोचतात किती? अमेरिकेत 2016 साली एक मोठा अभ्यास आला होता, तिथल्या सगळ्यात श्रीमंत 1 टक्का आणि सगळ्यात गरीब 1 टक्का पुरुषांच्या आयुष्यात साधारण साडेचौदा वर्षांचा फरक निघाला. आणि टीव्हीवरचे लोक म्हणतात आयुष्य वाढलंय, रिटायरमेंटचं वय वाढवा. कोणाचं वाढलंय, ते बोलत नाहीत.

वहिनींचा फॉर्म त्या दिवशी झालाच नाही. आधारवर नावापुढे बाई आहे, पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या ऑर्डरवर नाही, मॅच होईना. त्या पापडाच्या कामाला जातात, अर्धा दिवस बुडाला, परत सोमवारी यायचं ठरलं. काका कागद घडी करून खिशात घालून निघाले, पैसे द्यायला विसरले, जे त्यांच्याकडून बावीस वर्षांत कधी झालं नसेल, मीही मागितले नाहीत.