गॉल्जी संकुल: आहे की भास?

पेशीच्या आकृतीत केंद्रकाजवळ एकावर एक रचलेल्या चपट्या, किंचित वाकलेल्या पिशव्या काढून त्यांपुढे ‘गॉल्जी संकुल’ असे लिहिताना कोणत्याही विद्यार्थ्याचा हात अडखळत नाही. मात्र हे अंगक पेशीत मुळात असते की नाही, यावर शास्त्रज्ञांनी जवळजवळ अर्धशतक वाद घातला होता, आणि मला तो वाद आकृतीपेक्षा अधिक रंजक वाटतो.

कामिल्लो गॉल्जी यांनी १८९८ मध्ये इटलीतील पाव्हिया येथे घुबडाच्या अनुमस्तिष्कातील (मेंदूच्या मागच्या भागातील) चेतापेशींवर चांदीच्या क्षाराची प्रक्रिया केली, तेव्हा केंद्रकाभोवती एक काळेभोर जाळे उमटले. पंचाईत अशी, की ही रंगक्रिया मोठी लहरी होती. जाळे कधी उमटे, कधी उमटत नसे. तेव्हा हे जाळे पेशीचे की चांदीचे, असे संशयी मंडळींनी विचारले, तर त्याला आडमुठेपणा म्हणता येणार नाही. १९४९ मध्ये जॉर्ज पलाडे आणि आल्बेर क्लोद या पेशीशास्त्रज्ञांनीही हे जाळे ऊतीवरील प्रक्रियेतूनच निर्माण होते, असे मत मांडले, आणि ही काही ऐरीगैरी माणसे नव्हती.

वाद मिटवला तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने. १९५० च्या दशकात अतिपातळ छेदांमध्ये, चांदीचा स्पर्शही न झालेल्या पेशींत, पिशव्यांची तीच रास पुनःपुन्हा दिसू लागली. पुढे १९६० च्या दशकात खुद्द पलाडे यांनीच जेम्स जेमीसन यांच्यासह गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या चकत्यांना जेमतेम तीन मिनिटे किरणोत्सारी अमिनो आम्ल पुरवले आणि त्यापासून बनलेल्या प्रथिनांचा माग काढला. आंतर्द्रव्यजालिकेवर, म्हणजे पेशीतील पटलांच्या जाळ्यावर, तयार झालेली प्रथिने गॉल्जी संकुलात येतात व तेथून पेशीबाहेर जाण्यासाठी स्रावकणांत भरली जातात, हे त्यातून स्पष्ट झाले. ज्याच्या अस्तित्वावर शंका घेतली, त्याचेच काम जगाला दाखवून देण्याचा हा दिलदारपणा मला पलाडे यांच्या १९७४ च्या नोबेल पारितोषिकाइतकाच मोलाचा वाटतो.

तेव्हापासून या संकुलाला पेशीचे टपालघर म्हणण्याचा प्रघात पडला. उपमा सोयीची खरी, पण टपालघरात पत्रे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे सरकतात आणि टेबले जागची हलत नाहीत. गॉल्जी संकुलातही पिशव्या स्थिर असून प्रथिने इवल्या पुटिकांत, म्हणजे पटलाच्या फुग्यांसारख्या गोळ्यांत, बसून पुढे जातात, असेच बराच काळ मानले जाई. मात्र त्वचा-हाडांना बळकटी देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाचा याच वाटेने जाणारा पूर्वरूप रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि नेहमीच्या पुटिका त्याहून कितीतरी लहान. तो त्यांत मावणार कसा? २००६ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी यीस्टच्या जिवंत पेशींत सुरुवातीच्या आणि शेवटच्या टप्प्यांतील पिशव्यांच्या स्वतःच्या प्रथिनांना वेगवेगळे चमकते रंग दिले. काही मिनिटांतच एकाच पिशवीचा पहिला रंग ओसरून दुसरा चढताना दिसला, म्हणजे पिशवीच प्रौढ होत पुढच्या टप्प्यात जात होती. गंमत म्हणजे हे दिसू शकले, कारण या यीस्टमध्ये पिशव्यांची रासच नसते. त्या पेशीभर सुट्या विखुरलेल्या असतात. सस्तन प्राण्यांच्या पेशींत त्या इतक्या दाटीने रचलेल्या असतात, की एकट्या पिशवीवर नजर ठेवणे फार अवघड जाते. त्यामुळे तेथे नेमके काय घडते याचा वाद अजून चालू आहे. आणि यीस्टचे ज्या राशीवाचून अडत नाही, ती आपल्या पेशींना कशासाठी लागते, हाही प्रश्न त्याला चिकटलेलाच आहे.