लूप क्लिक सोडून का पळतो?

तुम्ही विचारलंत म्हणून: १२० टेम्पोचा (मिनिटाला १२० बीट) ड्रम लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजवायचा ड्रमचा तुकडा, १२० च्याच प्रोजेक्टमध्ये टाकला, तरी तो क्लिक (मेट्रोनोमचा ठोका) सोडून का पळतो? आणि हजारो लूप सापडतील असे लावायचे कसे?

आधी पळण्याचं बघू. फाइलमध्ये टेम्पोची नोंद नसेल तर सॉफ्टवेअर तो अंदाजाने ठरवतं. हिशोब सोपा आहे: बीट गुणिले ६०, भागिले सेकंद. ४/४ मधला (दर बारला, म्हणजे आवर्तनाला, चार बीट), १२० चा चार बारचा लूप बरोबर ८ सेकंदांचा हवा. पण शेवटच्या क्रॅश झांजेची घुमणारी शेपटी धरून फाइल ८.४ सेकंदांची असेल, तर तीच लांबी १६ बीटमध्ये वाटली जाते आणि टेम्पो ११४ दिसतो. अशा वेळी आधी लूपचा शेवट ८ सेकंदांवर आणा, मग टेम्पो भरा. ६/८ चे लूप (दर बारला तीन क्वार्टर नोट) याहून फसवे. क्वार्टर नोटने मोजून ९० च्या टेम्पोचे चार बार म्हणजे १२ क्वार्टर, तेही नेमके ८ सेकंद! ४/४ गृहीत धरणारं सॉफ्टवेअर तिथे बेधडक १२० लिहितं. ८५ चे १७० होणं तर रोजचंच. टेम्पो निम्मा केला की काम झालं.

एमपी-थ्री लूप टाळाच. एन्कोडिंगमुळे सुरुवातीला साधारण २५ मिलिसेकंदांची शांतता चिकटू शकते, मग जोडावर अडखळल्यासारखं वाजतं. वेव्ह किंवा एआयएफएफ घ्या.

आता लावणं. पॅकच्या नावाचे फोल्डर निरुपयोगी, कारण शोधताना पॅक आठवत नाही, टेम्पो आठवतो. वर मीटर (४/४, ६/८), त्याखाली टेम्पोचे गट (७० ते ८९, ९० ते १०९), त्यात पूर्ण किट, नुसतं पर्कशन आणि फिल (दोन भागांमधले छोटे भरणीचे तुकडे) वेगळे. शैलीचे फोल्डर मी तरी करणार नाही. एकच लूप तीन शैलींत चालतो. नावात टेम्पो तीन अंकी आणि सर्वांत आधी: ०९२_४बार_ब्रश. नुसतं ९२ लिहिलंत तर अक्षरक्रमाने लावणाऱ्या यादीत ते १२० च्या खाली जातं.

हे सगळं पहिल्या इम्पोर्टआधी करा. नंतर फोल्डर हलवलं की जुने प्रोजेक्ट 'फाइल सापडत नाही' म्हणतात. त्यावर उपाय म्हणून एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह' आहे, ते सगळ्या फाइल प्रोजेक्टमध्ये गोळा करतं. रीपरमध्ये सेव्ह करतानाच मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करता येतो. लाइव्ह वापरत असाल तर वेव्हशेजारची एएसडी फाइलही सोबत हलवा. क्लिपच्या डिफॉल्ट म्हणून जपलेली वॉर्प मार्करं (ऑडिओ टेम्पोला बांधणाऱ्या खुणा) तिच्यात असतात.

टेम्पो दहा टक्क्यांहून जास्त बदलायचा असेल तर ताणू नका, स्नेअरचा ठोका बोथट होतो. ट्रान्झियंटवर (प्रत्येक ठोक्याच्या सुरुवातीला) तुकडे करून ते मिडीने, म्हणजे नोटांच्या सूचनांनी, वाजवा. वेग फारच कमी केलात तर तुकड्यांमध्ये पोकळी ऐकू येते. तिथे थोडा रूम रिव्हर्ब (खोलीसारखी घुम) लावा, नाहीतर दुसरा लूप शोधा.