हुश्श म्हणायला शिकताना

परवा एक मेल टाइप करत होते, जरा अवघड मेल, कुणाला तरी नाही म्हणायचं होतं, आणि तीन-चार ओळी झाल्यावर लक्षात आलं की अरे, आपला श्वासच थांबलाय. खांदे कानापर्यंत चढलेले, दातावर दात, पोट आत ओढलेलं. सेंड दाबलं आणि मग आपसूक एक मोठा सुस्कारा बाहेर पडला. तेव्हापासून दिवसभर लक्ष ठेवतेय आणि हे किती वेळा होतं ते बघून खरंच वाईट वाटलं, अनोळखी नंबरवरून फोन आला की, कुणी रागावून बोलायला लागलं की, नुसतं स्क्रीनवर काही शोधत असले तरी सुद्धा.

यावर सगळे एकच उपाय सांगतात, दीर्घ श्वास घे. मी कित्येक वर्षं तो चुकीचा घेत होते. छाती फुगवून, भराभर, मोठमोठे. आठ-दहा झाले की डोकं हलकं व्हायचं, बोटांना मुंग्या यायच्या आणि मला वाटायचं वा, ऑक्सिजन मिळतोय. पण निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन नुसतं बसल्या बसल्या पण ९५ ते १०० टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं, अजून भरायला तिथे फारशी जागाच नाही. भराभर श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड मात्र गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, तो रक्तात कमी झाला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरायला लागतं. मुंग्या पण त्यामुळेच.

मग आराम कशाने मिळतो? सोडण्याने. हे वाचून पटणार नाही, मनगटावर नाडीला बोट लावून बघा. श्वास आत घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना संथ होतात (सगळ्यांना बोटाला कळेलच असं नाही, वयाप्रमाणे हा फरक कमी होत जातो). मेंदूकडून हृदयाकडे व्हेगस नावाची नस जाते, तिचा लगाम श्वास सोडताना जास्त ओढला जातो. हृदयाला आपण थेट काही सांगू शकत नाही, घाबरू नको म्हटलं तर ते ऐकत नाही, पण श्वास असा आहे की तो आपला आपण चालतो आणि हवं तेव्हा आपल्या हातात पण येतो. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

आता वेग. निवांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. दर वेळी अर्धा लिटर हवा आत जाते, पण त्यातली जवळपास १५० मिली नाक-घसा-श्वासनलिकेतच राहते, फुफ्फुसाच्या कामाची नसते. १२ श्वास अर्धा-अर्धा लिटरचे घ्या किंवा ६ श्वास एक-एक लिटरचे, हवा सहा लिटरच, पण पहिल्यात कामाला आली ४.२ लिटर आणि दुसऱ्यात ५.१. आणि मिनिटाला सहाच्या आसपास श्वासाची लय रक्तदाब सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या लयीशी जुळते. २००१ साली एक अभ्यास छापून आला होता, त्यात लोकांना ख्रिस्ती जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि एक योगातला मंत्र म्हणायला लावला, दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ आला. कुणी मोजायला सांगितलं नव्हतं! हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला माझ्या.

माझी पद्धत साधी आहे. पाठीवर झोपायचं, एक हात पोटावर एक छातीवर, नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. पोटावरचा हात वर यायला हवा, छातीवरचा जवळजवळ गप्प. पहिले दोन-तीन दिवस पोट हलतच नव्हतं, एवढं आवळून धरायची सवय झालेली. पाच मिनिटं पुरतात.

आणि सुस्कारे अडवू नका प्लीज. सुस्कारे काय टाकतेस म्हणून लहानपणी बोलणी खाल्ली आहेत, पण शरीर स्वतःच दर काही मिनिटांनी एक सुस्कारा टाकतं, फुफ्फुसातल्या मिटलेल्या बारीक पिशव्या उघडायला. आपण आधीपासूनच 'हुश्श' म्हणतो, 'जरा दम खा' म्हणतो, माहीत होतंच की आपल्याला.

एक मात्र कळकळीने सांगते, श्वासाने अमुक आजार मुळापासून जातो असं कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकून गोळ्या बंद करू नका. दम्याचा, हृदयाचा त्रास असेल तर श्वास रोखून धरण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आणि पॅनिक येतं अशा काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट जास्तच घाबरायला होतं, त्यांनी जबरदस्ती करू नये, पाय जमिनीवर टेकवून आजूबाजूच्या वस्तू बघत बसलं तरी चालतं.

सध्या मी एवढंच करतेय, फोन वाजला की लगेच उचलत नाही. दोन रिंग वाजू देते, तेवढ्यात एक श्वास पूर्ण सोडून होतो, मग हॅलो.