हद्दवाढ भागातून

सोलापुरात कुणी पत्ता सांगितला की तो गावठाणातला आहे की हद्दवाढ भागातला, हे ऐकणाऱ्याला लगेच उमगते. आणि तेवढ्यावरून त्या घरी पावसाळ्यात दारापुढे चिखल होत असेल की नाही, रिक्षावाला तिकडे यायला किती कुरकुर करील, नळाला पाणी कोणत्या वेळी येत असेल, याचा हिशेब तो मनातल्या मनात मांडून मोकळा होतो. ही विभागणी १९९२ सालची आहे. त्या वर्षी शहराची हद्द वाढली, बाळे, शेळगी, दहिटणे, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे, केगाव अशी भोवतालची गावे आत आली आणि सुमारे ३३ चौरस किलोमीटरचे शहर एका निर्णयाने १७८ चौरस किलोमीटरहून मोठे झाले. एखादे शहर वस्तीने वाढत वाढत मोठे होते. आमचे आधी कागदावर मोठे झाले आणि मग ती जागा भरण्याच्या मागे लागले. ती अजून भरलेली नाही.

माझे बालपण साखर पेठेत गेले. दोन घरांमध्ये एकच भिंत, समोरच्या घरात यंत्रमाग, आणि त्यांची खटखट इतकी सवयीची की वीज गेल्यावर ती थांबली म्हणजे झोपलेली माणसे जागी होत. लग्नानंतर आम्ही हद्दवाढ भागातल्या जुळे सोलापुरात घर बांधले, कारण पेठेत जागा विकत घेणे आम्हाला परवडणारे नव्हते आणि, खरे सांगायचे तर, त्या खटखटीत मुले वाढवण्याची माझी तयारीही नव्हती. तेव्हापासून सकाळी शहरात जायचे आणि संध्याकाळी शहराबाहेर परतायचे, असे आमच्या घरात बोलले जाते. वास्तविक घर महापालिकेच्या हद्दीत आहे, घरपट्टी आम्ही भरतो, मतदानही इथेच करतो. तरीही नवी पेठेकडे निघालेला प्रत्येक जण 'गावात जाऊन येतो' असेच म्हणतो.

या पसरटपणाचा मला मनापासून राग येतो, आणि त्याला कारण आहे. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार होती, म्हणजे चौरस किलोमीटरमागे सरासरी ५,३०० माणसे. पण ही सरासरी कुठेच राहत नाही. पूर्व भागातल्या पेठांमध्ये एका खोलीत माग आणि दुसऱ्या खोलीत संसार चालतो, तर आमच्या बाजूला चार घरे झाली की आठ रिकामे प्लॉट, त्यांत वेड्या बाभळी आणि बांधकामाचा राडारोडा. हे प्लॉट बहुधा गुंतवणूक म्हणून घेतलेले असतात. मालक पुण्यात किंवा आणखी लांब राहतो आणि भाव वाढण्याची वाट पाहतो. मात्र जलवाहिनी, गटार, रस्ता आणि दिव्यांचे खांब त्या रिकाम्या प्लॉटांवरूनच पुढच्या घरापर्यंत न्यावे लागतात. चार घरांच्या करातून बारा घरांच्या लांबीचा रस्ता करायचा म्हटल्यावर तो जसा होईल तसाच आमचा रस्ता झालेला आहे, आणि त्याची धूळ मार्चपासून जूनपर्यंत आमच्या खिडक्यांवर बसते.

या शहराविषयीचा सगळा वैताग शेवटी पाण्यापाशी येऊन थांबतो, म्हणून त्याविषयी जरा विस्ताराने लिहिते. ज्या जिल्ह्यात ११७ टीएमसी क्षमतेचे उजनी धरण आहे, त्या जिल्ह्याच्या मुख्य शहराला नळाचे पाणी वर्षानुवर्षे रोज मिळत नाही. तीन, चार, कधी पाच दिवसांनी पाळी येते. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितले की तो म्हणतो, दुष्काळी भाग, पाऊस कमी, दुसरे काय होणार. पाऊस कमी आहे हे खरे, पण अडचण एवढीच नाही. उजनीहून शंभरावर किलोमीटरची जलवाहिनी शहराकडे येते, आणि शहराच्या पाण्याचा दुसरा मोठा वाटा धरणातून भीमेच्या पात्रात सोडून औजच्या बंधाऱ्यापर्यंत आणावा लागतो, तिथून टाकळीच्या पंपांनी उचलून सोरेगावला शुद्ध करावा लागतो. एवढ्या लांबच्या कोरड्या पात्रातून पाणी आणायचे म्हणजे वाळूने प्यायचे, उन्हाने प्यायचे, काठावरच्या मोटारींनी प्यायचे आणि उरलेले बंधाऱ्यात साठायचे. शहराला लागते त्याच्या कितीतरी पट पाणी अशा रीतीने सोडावे लागते, हे सोलापुरातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. एकरूखचा तलाव, ज्याला आम्ही हिप्परग्याचा तलाव म्हणतो, १८७१ साली बांधून झाला आणि अजूनही शहराला पाणी देतो. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचे नाव आले तेव्हा आम्ही पेढे वाटले नाहीत, पण आता तरी पाणी रोज येईल असे पुष्कळांना वाटले होते.

शहरात आलेले पाणीही सगळीकडे एकदम पोहोचत नाही. टाक्या पाळीपाळीने भरतात, चावीवाला पाळीपाळीने वस्त्यांचे व्हॉल्व्ह सोडतो, आणि वस्ती जितकी लांब व विरळ, तितका दाब कमी. म्हणून हद्दवाढ भागातले घर बांधताना देवघराआधी हौदाची जागा ठरते. पाण्याच्या दिवशी पाहुणे बोलवायचे नाहीत, बाहेरगावी जायचे नाही आणि शक्य असेल तर आजारीही पडायचे नाही. पाणी पहाटे येईल की रात्री अकराला, हे मात्र कोणी नक्की सांगत नाही. कुणी नळाला थेट मोटार लावली की पुढच्या घराचा नळ कोरडा पडतो आणि गल्लीत भांडण सुरू होते. अशा भांडणांत मीही घसा कोरडा केलेला आहे.

तरीही या शहरात मला आपलेपण कुठे मिळाले असे कोणी विचारले, तर मला त्याच गल्लीकडे बोट दाखवावे लागेल. शेजारच्या अक्का पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या. त्यांच्या सासऱ्यांची मागची पिढी तेलंगणातून गिरणीच्या कामासाठी इथे आली. आमच्या घराची एक किल्ली कायम त्यांच्याकडे असते. आम्ही गावी गेलो आणि पाण्याचा दिवस आला की परतल्यावर त्या दारातूनच सांगतात, "तुमचा हौद भरून ठेवलाय बघा, वरची टाकी राहिली, तेवढी मोटार लावून घ्या." पलीकडच्या घरातल्या आज्जी सुनेशी कानडीत, माझ्याशी मराठीत आणि भाजीवाल्याशी दखनीत बोलतात, आणि त्यांना या तिन्हींत काही बदल केल्यासारखे वाटत नाही. रोज पुरेसे पाणी आले असते तर आम्ही एकमेकींना इतके ओळखले असते की नाही, याची मला शंका आहे. पण म्हणून पाणी येऊ नये, असे म्हणणाऱ्यांतली मी नव्हे. गैरसोयीत माणुसकी शोधणारे लेख बहुतेक वेळा ज्यांच्या नळाला रोज पाणी येते ती माणसे लिहितात.

शहर कडेने पसरत असताना त्याच्या मध्यावरचे काम मात्र आटत गेले, हे माझ्या रागाचे दुसरे कारण. १८७७ मध्ये इथे पहिली कापड गिरणी निघाली; तिला सगळे 'जुनी मिल' म्हणत. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या आणि भोंग्यावर शहराचे घड्याळ चालू लागले. एकामागून एक त्या सगळ्या बंद पडल्या. माग टिकले, चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळाले, पण गिरणीतल्या कायम नोकरीची जागा ते घेऊ शकले नाहीत. पूर्व भागातल्या हजारो बायकांचा संसार विडी वळण्यावर चालतो, आणि त्यांना परवडतील अशी घरे मिळाली ती थेट शहराबाहेर, कुंभारीच्या माळावर. गोदूताई परुळेकर यांच्या नावाची १० हजार घरांची वसाहत तिथे २००६ मध्ये झाली, आणि तिथल्याच रे नगर या दुसऱ्या वसाहतीच्या ३० हजार घरांपैकी १५ हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. कामगारांनी संघटित होऊन मिळवलेली ही घरे आहेत आणि त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. पण त्या घरातून पेठेत कामाला येणाऱ्या बाईला जी वाट रोज तुडवावी लागते, ती कोणत्या योजनेत बसते, हे मला समजलेले नाही.

ज्यांना जमते ते पुण्याला जातात. आमच्या ओळखीत असे घर शोधून सापडायचे नाही, ज्यातले एक तरी मूल हडपसर, खराडी किंवा हिंजवडीकडे नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईची वंदे भारत सुरू झाली, २०२५ मध्ये होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून विमानही उडू लागले. जाण्याची सोय दर वर्षी सुधारते आहे.

हीच मुले संक्रांतीला परत येतात, आणि त्या चार दिवसांत मला हे शहर पुन्हा आवडू लागते. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात या क्षेत्राच्या पंचक्रोशीत ६८ लिंगांची स्थापना केली, असे मानतात. म्हणजे सोलापूरची पहिली हद्द त्यांनी आखली, असे मी मुलांना गमतीने सांगते. संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत पहिल्या दिवशी उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून निघालेले सात नंदीध्वज या लिंगांना तैलाभिषेक घालत फिरतात, दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वर तलावाकाठच्या संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाचा अक्षता सोहळा होतो, मग होम आणि शेवटी शोभेचे दारूकाम. नंदीध्वज पेलणारे बाराबंदीतले भक्त घामाने न्हालेले असतात, 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' असा गजर वाढत जातो, आणि अक्षता टाकायला मराठी, कानडी, तेलुगू बोलणारी लाखभर माणसे एका दिशेला तोंड करून उभी असतात. मी फारशी देवभोळी नाही. पण केगावहून, शेळगीहून, कुंभारीहून आलेल्या माणसांना आपण एका गावचे आहोत असे वाटायला लावणारी दुसरी गोष्ट या शहरात मला माहीत नाही. नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथ पूर्व भागासाठी तेच काम करतो, पण तो पाहायला आमच्या भागातून तुलनेने कमी माणसे जातात, आणि हे मला बरे वाटत नाही.

आवडण्याची लहान कारणेही आहेत, आणि ती बहुतेक याच रिकाम्या जागेतून आलेली आहेत. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर गेला की पेठेतल्या घरांच्या भिंती रात्रभर तापलेल्या राहतात. आमच्या गच्चीवर मात्र दहानंतर मोकळ्या प्लॉटांवरून वारा येतो आणि अंथरूण टाकता येते. दारात कढीपत्त्याचे आणि शेवग्याचे झाड लावायला जागा आहे. कडक भाकरी उन्हात वाळवायला गच्ची आहे आणि शेंगाची चटणी कुटून डब्यात भरली की ती पुण्याला नेणारी भाचरे आहेत. पार्क चौकात संध्याकाळी पाव-चटणी खायला जावेसे वाटले तर खर्च खिशाला जाणवत नाही, जाण्यायेण्याचा तेवढा जाणवतो.

आणि इथेच माझे घोडे अडते. आमच्या भागातून गावात जाणारी शहर बस कधी येईल याचा भरवसा नाही आणि संध्याकाळनंतर तर तिची वाट पाहण्यात अर्थ नाही. शेअर रिक्षा मुख्य रस्ता सोडत नाहीत आणि आत येणारी रिक्षा परतीचे भाडे मिळत नाही म्हणून दीडपट मागते, ज्यात तिचेही चुकत नाही. त्यामुळे हुतात्मा स्मृती मंदिरातले नाटक आवडले तरी शेवटचा अंक चालू असताना मन घड्याळाकडे असते, आणि दुचाकी न चालवणाऱ्या माझ्या वयाच्या बायका तर नाटकाला येतच नाहीत. शहराच्या मधून उड्डाणपूल बांधण्याविषयी इथे वर्षानुवर्षे सभा, मोजणी आणि भूसंपादनाच्या बातम्या चालू आहेत. पूल होईल तेव्हा होवो. त्याआधी जुळे सोलापूर, शेळगी, बाळे आणि कुंभारी इथून नवी पेठेपर्यंत रात्री दहा वाजेपर्यंत दर अर्ध्या तासाला एक बस सुरू करावी, अशी मागणी आम्ही भागातल्या काही जणी लिहून देणार आहोत. अक्कांनी सही करताना एवढेच विचारले की पाण्याचेही त्यातच लिहिले आहे ना.