दोनच अल्बम आणि धिस हीट

‘दोन अल्बम काढून मोडलेल्या धिस हीट या बँडबद्दल तुम्ही एवढं का बोलता? आणखी दहा वर्षं टिकले असते तर कुठल्या कुठे गेले असते, नाही का?’ इंग्लंडच्या पोस्ट-पंकचा, म्हणजे पंकच्या लाटेनंतरच्या प्रयोगशील रॉक संगीताचा, विषय निघाला की मला हे हमखास विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. प्रश्नामागची हळहळ मला समजते, पण पटत नाही. धिस हीटचं काम अर्धवट राहिलं असं मला ते ऐकताना कधीच वाटलेलं नाही.

1976 च्या सुरुवातीला लंडनमध्ये तिघं एकत्र आले. चार्ल्स हेवर्ड ड्रम वाजवायचा आणि गायचा, चार्ल्स बुलन गिटार वाजवायचा. हेवर्ड त्याआधी गिटारवादक फिल मॅन्झानेराबरोबर क्वाएट सन या बँडमध्ये वाजवून आलेला, म्हणजे तयारीचा माणूस. तिसरा गॅरेथ विल्यम्स रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा आणि त्याला कुठलंच वाद्य रीतसर येत नव्हतं. माझ्या मते बँडचं मर्म इथेच आहे. शिकलेल्या हातांना काही जागा आपोआप सापडतात, आणि विल्यम्सचे हात त्या जागांवर जातच नाहीत. त्यामुळे उरलेल्या दोघांनाही सवयीचं वाजवून भागत नसे.

लंडनच्या ब्रिक्स्टन भागात एका जुन्या कारखान्यातली मांस साठवायची थंड खोली त्यांना मिळाली. तिचं नाव ‘कोल्ड स्टोरेज’च राहिलं. तिथे ते वाजवायचे, वाजवलेलं टेपवर घ्यायचे, ऐकायचे आणि त्या टेपचेच तुकडे पुढच्या रचनेत वापरायचे. बीबीसी रेडिओवर निवेदक जॉन पीलच्या कार्यक्रमासाठी त्यांनी 1977 मध्येच सेशन केली होती, म्हणजे खास त्या कार्यक्रमासाठी गाणी ध्वनिमुद्रित केली होती, तरी पहिला अल्बम यायला 1979 उजाडलं. त्यात 1976 पासूनची ध्वनिमुद्रणं आहेत. साध्या कॅसेटवरचा खरखरीत आवाज आणि चांगल्या स्टुडिओतला स्वच्छ आवाज त्यांनी शेजारी शेजारी ठेवला, खरखर पुसायच्या भानगडीत पडले नाहीत. ‘24 ट्रॅक लूप’ ऐका: ड्रमचा एक तुकडा टेपवर गोल गोल फिरतो आणि मिक्सिंग करता करता त्याचा रंग बदलत जातो. नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात ही रीत पुढे रुळली. इथे ती सत्तरच्या दशकातच, संगणकाशिवाय ऐकू येते.

दुसरा अल्बम ‘डिसीट’, 1981 चा, रफ ट्रेड या रेकॉर्ड कंपनीने काढलेला. हा मला जास्त जवळचा. त्या काळात अमेरिकेची क्रूझ क्षेपणास्त्रं इंग्लंडमध्ये आणायचं ठरलं होतं. अणुहल्ला झाला तर घरातली दारं काढून भिंतीला टेकवा आणि त्यांच्या आडोशाला बसा, असं सांगणारी पुस्तिका सरकारने 1980 मध्ये काढली होती. ‘डिसीट’मध्ये ती भीती घोषणा होऊन येत नाही. ‘स्लीप’ हे पहिलंच गाणं अंगाईसारखं हळुवार आहे आणि त्याचे शब्द जाहिरातींच्या भाषेतले. ‘इंडिपेन्डन्स’मध्ये अमेरिकेच्या 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलेच शब्द गायले आहेत, स्वतःची टिप्पणी न जोडता. राजकीय गाणं इतक्या संयमाने करता येतं हे मला या अल्बममुळे कळलं.

आणि मग विल्यम्स बँड सोडून भारतात गेला, कथकली शिकायला. हे सांगितलं की समोरचा बहुधा ‘इंग्रजांना असलं वेड असतंच’ म्हणून मोकळा होतो. मला मात्र त्याच्या निवडीबद्दल फार आदर वाटतो. कथकलीत डोळ्यांची हालचालसुद्धा वर्षानुवर्षं घोटून घ्यावी लागते. रीतसर शिक्षणाशिवाय इतकं वेगळं काम केलेला माणूस इतक्या कडक शिस्तीच्या कलेकडे वळतो, म्हणजे त्याची भूक खरी होती.

त्याच्या जागी दोन नवे वादक घेऊन हेवर्ड आणि बुलन 1982 मध्ये युरोपचा एक दौरा करून आले आणि थांबले. मला ते योग्यच वाटतं. तिघांनी मिळून ऐकण्याची जी पद्धत बसवली होती ती तिसऱ्या माणसाशिवाय चालणारी नव्हती. विल्यम्सने पुढे मेरी करीबरोबर ‘फ्लेमिंग ट्यून्स’ नावाची घरगुती, अतिशय सुंदर कॅसेट केली. 2001 मध्ये तो कर्करोगाने गेला. 2016 मध्ये हेवर्ड आणि बुलन इतर वादकांना घेऊन ही गाणी पुन्हा मंचावर वाजवू लागले, तेव्हा त्यांनी नाव घेतलं ‘धिस इज नॉट धिस हीट’.

आता ऐकायचंच ठरवलंत तर अल्बमच्याही आधी 1980 चं ‘हेल्थ अँड एफिशियन्सी’ हे वेगळं निघालेलं गाणं लावा. आठेक मिनिटांचं आहे, उन्हाबद्दलचं आहे आणि त्यात निखळ आनंद आहे. त्या रेकॉर्डची दुसरी बाजू तर कुठल्याही वेगावर वाजवावी अशीच बनवलेली आहे. ते आवडलं तर ‘डिसीट’कडे या, पण सलग ऐका, मधलं गाणं गाळू नका.